एका गुणाचा हिशेब
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपतीसमोर रग्बीवर बोलणार म्हटल्यावर आपल्या सचिवांनी मला हळूच विचारले, "क्रिकेट नाही का चालणार?" चालले असते. पण कोलकात्यात राहणाऱ्या माणसाने रग्बीला परके म्हणू नये. १८७२ च्या नाताळात याच शहरात रग्बीचा सामना झाला. पुढच्या वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. १८७८ मध्ये त्याचे विसर्जन करायची वेळ आली, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्याचा करंडक घडवला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. हा कलकत्ता कप १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो. शिल्लक रकमेचा एवढा चांगला विनियोग आपल्या एकाही खजिनदाराला जमलेला नाही! (हशा)

असो. आजचा विषय २०२३ चा रग्बी विश्वचषक आणि त्याचे आकडे. निमित्त माझ्या नातवाचे. त्याने स्पर्धेतले निकाल वहीत उतरवले, बेरजा केल्या आणि वही घेऊन माझ्याकडे आला. "आजोबा, यात काहीतरी चुकलंय. न्यूझीलंडने ३३६ गुण केले, दक्षिण आफ्रिकेने २०८. मग कप आफ्रिकेकडे कसा?"

बेरीज मी पुन्हा करून पाहिली. बरोबर होती.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. पंधरा-पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे ५ गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला तर आणखी २, पेनल्टीचे ३ आणि खेळता खेळता मारलेल्या ड्रॉप गोलचेही ३. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणे म्हणजे टॅकल. कबड्डीतली पकड समजा, फक्त समोरचा शंभर किलोचा आणि पूर्ण वेगात.

आता वहीकडे वळू. न्यूझीलंडचे ३३६ गुण आले कुठून? नामिबियाविरुद्ध ७१, इटलीविरुद्ध ९६, उरुग्वेविरुद्ध ७३. तीन सामन्यांत २४०! उरलेल्या चार सामन्यांत ९६, म्हणजे सामन्यामागे २४. आफ्रिकेनेही रुमानियाविरुद्ध ७६ आणि टोंगाविरुद्ध ४९ गुण केले होते. ते वगळले तर पाच सामन्यांत ८३ राहतात, सामन्यामागे सतराच्या आतच. तरीही न्यूझीलंड पुढेच. नातू म्हणाला, "बघा!"

मी म्हटले, आता दुसरा रकाना लिही, प्रत्येकाने दिलेल्या गुणांचा. सगळ्या सात सामन्यांत न्यूझीलंडने ८९ गुण दिले, आफ्रिकेने ८८. एका गुणाचा फरक. अंतिम सामन्याचा निकालही १२-११ असाच. हा योगायोग आहे, त्यात गूढ काही शोधू नये. पण रुमानिया-टोंगा आणि नामिबिया-इटली-उरुग्वे वगळून पाहिले तर न्यूझीलंडने चार सामन्यांत ६९ गुण दिले आणि आफ्रिकेने पाच सामन्यांत ७०. सामन्यामागे साधारण १७ आणि १४. तगड्या संघांशी गाठ पडल्यावर आफ्रिका कमी गुण करत होती आणि त्याहून कमी देत होती. करायचे किती यापेक्षा द्यायचे किती, यावर त्यांचा सगळा संसार उभा होता. अंतिम सामन्यात पीटर-स्टेफ दु टॉइट या एकट्या आफ्रिकी खेळाडूने २८ टॅकल केले. सामनावीर तोच ठरला आणि त्याच्या नावावर गुण शून्य.

हे काही नवे नाही. १९९५ मध्ये न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असे धुतले होते. त्या स्पर्धेत त्यांचे एकूण ३२७ गुण झाले, आफ्रिकेचे १४४. जोना लोमूने उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध एकट्याने चार ट्राय केले. अंतिम सामन्यात आफ्रिकेने त्याला एकही करू दिला नाही आणि जोएल स्ट्रान्स्कीच्या पायातून आलेल्या १५ गुणांवर १५-१२ असा सामना जिंकला.

वैयक्तिक आकड्यांचेही तसेच. २०२३ मध्ये सर्वाधिक ट्राय न्यूझीलंडच्या विल जॉर्डनचे, ८. एका विश्वचषकातल्या ८ ट्रायचा हा विक्रम लोमू (१९९९), ब्रायन हबाना (२००७) आणि ज्युलियन सवेआ (२०१५) यांच्याही नावावर आहे. चौघांपैकी दोघांच्याच हाती कप आला. सर्वाधिक गुण इंग्लंडच्या ओवेन फॅरेलचे, ७५, तेही बंदीमुळे पहिले दोन सामने हुकल्यावर. उपांत्य सामन्यात इंग्लंडचे पंधराच्या पंधरा गुण त्याचे होते. आफ्रिकेने १६ केले.

तो सोळावा गुण मिळवून देणारी पेनल्टी शेवटच्या काही मिनिटांत हँड्रे पोलार्डने मारली. गंमत म्हणजे पोलार्ड मूळ संघात नव्हता. हूकर मॅल्कम मार्क्स जायबंदी झाला आणि त्याच्या जागी आफ्रिकेने दुसरा हूकर न बोलावता हा पायाने गुण मिळवणारा खेळाडू बोलावला. आयर्लंडविरुद्ध पोलार्ड मैदानात नव्हता. तो सामना खांबांवर मारलेल्या फटक्यांतून हुकलेल्या ११ गुणांमुळे ८-१३ असा गेला होता. अंतिम सामन्यात पोलार्डने चारपैकी चार पेनल्टी मारल्या आणि संघाचे बाराही गुण त्याचेच झाले. मात्र या सौद्याची किंमतही द्यावी लागली. त्याच सामन्यात उरलेला एकमेव खरा हूकर बोंगी म्बोनाम्बी तिसऱ्या मिनिटाला जायबंदी झाला आणि सदतीस वर्षांच्या डिऑन फोरीला बाकी सगळा सामना त्या जागी निभावावा लागला. हरले असते, तर याच निर्णयावर टीकेची झोड उठली असती.

आता वहीत ज्याला रकानाच नाही अशा आकड्याकडे येतो. उपांत्यपूर्व सामना, यजमान फ्रान्सविरुद्ध. फ्रान्सचा ट्राय झाला आणि थॉमा रामोस २ गुणांसाठी फटका मारायला निघाला. अशा वेळी प्रतिस्पर्धी आपल्या रेषेमागे उभे असतात. मारणारा पुढे सरकला की त्यांना धावायची मुभा असते. बहुतेक जण उपचारापुरते धावतात. चेस्लिन कोल्बे, संघातला लहानखुरा गडी, बाणासारखा सुटला आणि त्याने चेंडू हवेतच अडवला. सामना आफ्रिकेने २९-२८ असा जिंकला. ते २ गुण गेले असते तर पुढचे डावपेचही बदलले असते, हे कबूल. पण अडवलेले २ गुण कोल्बेच्या नावावर कुठेही जमा झाले नाहीत.

आणि हाच कोल्बे अंतिम सामन्यात, सात मिनिटे उरली असताना, मुद्दाम चेंडू खाली पाडल्याबद्दल पिवळे कार्ड घेऊन बाहेर गेला. त्यातून मिळालेली पेनल्टी जॉर्डी बॅरेटने लांबून मारली, ती हुकली. कोल्बेला खेळ बघवेना. त्याने जर्सी वर ओढून तोंड झाकून घेतले होते. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केनही बाहेरच होता. पूर्वार्धातच त्याला लाल कार्ड मिळाले होते. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले ते पहिलेच. संघ पन्नासएक मिनिटे त्याच्यावाचून खेळला, तरी सामन्यातला एकमेव ट्राय त्यांचाच, बोडन बॅरेटचा. त्यावरचा २ गुणांचा फटका रिची मोउंगाकडून हुकला. तो बसला असता तर १३-१२.

नातवाला हे सगळे सांगून झाल्यावर त्याने बराच वेळ वही समोर धरली. मग पट्टी घेऊन उजवीकडे एक नवा रकाना आखला, कोल्बेच्या नावापुढे २ लिहिले आणि मला विचारले, "आणि केनच्या पुढे काय लिहू?"

मला उत्तर सुचले नाही. तो रकाना अजून तसाच रिकामा आहे. आरतीची घंटा झाली, तेव्हा इथेच थांबतो. गणपती बाप्पा मोरया!