फळी आणि पट्टी



न्यूयॉर्कची वॉल स्ट्रीट ब्रॉडवेला मिळते, तिथे समोरच तपकिरी दगडाचं ट्रिनिटी चर्च आहे. मनोरा 281 फुटांचा. 1846 साली चर्च खुलं झालं तेव्हा त्या शहरात एवढं उंच दुसरं काही नव्हतं. त्याचा आराखडा करणारा रिचर्ड अपजॉन मूळचा सुतार. जन्म 1802, इंग्लंडमधल्या शाफ्ट्सबरीचा. तिथे तो कपाटं, टेबलं घडवायचा. 1829 मध्ये बायको आणि लहान मुलाला घेऊन तो अमेरिकेला गेला. न्यू बेडफर्डमध्ये नकाशे काढून दिले, चित्रकलेची शिकवणी केली, मग बॉस्टन गाठलं.

1839 मध्ये त्याला न्यूयॉर्कला बोलावलं ते डागडुजीसाठी. आदल्या हिवाळ्यातल्या बर्फाच्या भाराने जुनं ट्रिनिटी खिळखिळं झालं होतं. ते पाडून नवंच बांधायचं ठरलं आणि काम त्याच्याकडे आलं. पुढे 1857 साली अमेरिकेतल्या वास्तुविशारदांची संस्था त्याच्याच कचेरीत स्थापन झाली. पहिला अध्यक्षही तोच.

मला मात्र ट्रिनिटीपेक्षा त्याची लाकडी चर्चं जवळची वाटतात. ट्रिनिटीत मान वर करून पाहिलं तर दगडी वाटणारं छत प्रत्यक्षात गिलाव्याचं आहे. लहान चर्चांत असा देखावा नाही. भिंतीला उभ्या फळ्या, दोन फळ्यांच्या सांध्यावर अरुंद पट्टी, वर उतरतं छप्पर. लाकूड लाकूडच दिसतं. सुताराचा हात इथे कळतो.

1852 मध्ये त्याने अशा बांधकामांचं पुस्तकच काढलं. गावात वास्तुविशारद नसेल, त्याची फी परवडत नसेल, तरी तिथल्या सुताराला चर्च उभं करता यावं, म्हणून त्यात नकाशे होते आणि बारीकसारीक तपशीलही.

अलाबामात प्रेअरीव्हिलला सेंट अँड्र्यूज चर्च आहे. ते या पुस्तकाच्या वळणावरचं मानतात. त्याचं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते पीटर ली आणि जो ग्लासगो हे दोघे मिस्त्री गुलाम होते. हे सांगितल्याशिवाय त्या चर्चबद्दल बोलूच नये, असं मला वाटतं. एक सुतार समुद्र ओलांडून मोठा झाला. त्याच्या वळणाचं चर्च ज्यांनी उभं केलं, त्यांना गाव सोडायचीही मुभा नव्हती. आतल्या लाकडाला रंग चढवला तो तंबाखूच्या देठांचा काढा करून. तो मधाळ तपकिरी रंग अजून टिकून आहे.