टायमिंग बेल्ट घरी बदलताना

मोटारीच्या इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो आणि वर कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टला पिस्टन जोडलेले असतात. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची नेमकी एकच फेरी व्हावी लागते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. हा मेळ ज्या दातेरी रबरी पट्ट्यामुळे टिकतो, तो टायमिंग बेल्ट.

हे काम आधी साखळीकडे किंवा गिअरकडे होते. १९६०च्या दशकात पट्टा आला. तो हलका, कमी आवाजाचा आणि तेलाशिवाय चालणारा. भारतात मारुती ८०० मध्ये आणि टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनात पट्टाच होता. पुढे अनेक इंजिने पुन्हा साखळीकडे वळली. म्हणून हत्यारे काढण्यापूर्वी गाडीत पट्टा आहे की साखळी, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे लागते.

पट्ट्याच्या रबरात काचतंतूंचे दोर असतात आणि दातांवर नायलॉनचे कापड. उष्णता, तेल आणि वय हे त्याचे तीन शत्रू. त्यामुळे कंपन्या त्याचे आयुष्य किलोमीटरमध्ये देतात आणि वर्षांतही. दोहोंपैकी जे आधी भरेल ते धरायचे. फार न चाललेल्या जुन्या गाडीचा पट्टाही म्हणूनच बदलावा लागतो. वरून ठीक दिसणारा पट्टा आतून संपलेला असू शकतो, आणि तुटण्यापूर्वी तो आवाज करीलच असे नाही.

पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो. पिस्टन मात्र वेगाच्या भरात वर येतच राहतात. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात पुरेशी जागा असते, तिथे गाडी फक्त बंद पडते. बाकीच्यांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. डिझेल इंजिने बहुतेक याच दुसऱ्या प्रकारची असतात. पट्टा चुकीचा बसला तरी परिणाम हाच होऊ शकतो. त्यामुळे घरी केलेल्या या कामाचा पहिला धडा असा की जोर थोडा लागतो, सगळी मेहनत शाफ्टची जागा दाखवणाऱ्या पुलींवरच्या खुणा राखण्यात जाते.

सुरुवात सुरक्षेपासून होते. जमीन कठीण आणि सपाट हवी. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवायची आणि बॅटरीची तार काढायची. आडव्या बसवलेल्या इंजिनात पट्ट्याच्या बाजूचे पुढचे चाक व आतले प्लास्टिक काढल्यावर वाट मिळते. त्या बाजूचे इंजिन माउंटिंग सोडावे लागले, तर ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाला आधार देतात. स्पार्क प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने सहज फिरते.

सर्वांत हट्टी असतो क्रँक पुलीचा बोल्ट. पान्याला टेकू देऊन स्टार्टरच्या झटक्याने तो सोडवण्याची युक्ती पुष्कळांना माहीत आहे, पण पाना उडून हात मोडायला तो एक झटका पुरतो. पुली धरून ठेवणारे हत्यार वापरणेच बरे. हा बोल्ट आधी ढिला करायचा आणि खुणा नंतर जुळवायच्या, कारण ढिला करताना शाफ्ट जागचा हलतो. शाफ्ट नेहमी इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच फिरवायचा.

खुणा जुळवताना एक चूक हमखास होते. क्रँकची खूण वर आली की काम झाले असे वाटते. पण कॅमच्या एका फेरीत ती खूण दोनदा वर येते. त्यामुळे कॅमची खूणही जागेवर आहे ना, हे पाहावेच लागते. पट्टा उतरल्यावर कोणताही शाफ्ट फिरवायचा नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबाने कॅम आपोआप झटका घेऊ शकतो, म्हणून जिथे सोय असेल तिथे तो पिनेने अडकवून ठेवतात.

इतके उघडल्यावर फक्त पट्टा बदलणे ही खोटी काटकसर ठरते. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारा आयडलर यांचे बेअरिंग पट्ट्याइतकेच चाललेले असते. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल, तर तोही बदलावा; पुढे तो गळला तर सगळे पुन्हा उघडावे लागते. क्रँक व कॅमचे ऑइल सील पाझरत असतील तर नवा पट्टा तेलाने खराब होतो. नवा पट्टा मुडपू नये, उलटा करू नये, स्क्रूड्रायव्हरने रेटून बसवू नये.

बसवताना क्रँकपासून सुरुवात करून ओढीची बाजू ताठ ठेवतात आणि सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला आणतात. मग टेन्शनर मोकळा करतात. क्रँकच्या पुलीला २४ दाते असतील, तर एका दाताची चूक म्हणजे १५ अंशांचा फरक. अशी गाडी कदाचित सुरू होईल, पण आयडलिंगला थरथरेल आणि ओढ कमी पडेल.

ही चूक पकडण्यासाठी क्रँकशाफ्ट पान्याने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवतात. कुठे अडथळा लागला तर जोर न लावता तिथेच थांबून पट्टा पुन्हा पाहायचा. दोन फेऱ्यांनंतर पुलींवरच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. पट्ट्यावर छापलेल्या रेघा मात्र तेव्हा जुळत नाहीत. त्या फक्त बसवण्यापुरत्या असतात आणि बऱ्याच फेऱ्यांनंतरच जागेवर येतात. हे माहीत नसले तर नीट बसलेला पट्टा विनाकारण पुन्हा उतरवला जातो.

शेवटी बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळतात. एकदाच वापरायचे बोल्ट नवे घेतात. कूलंट काढला असेल तर तो भरून त्यातली हवा काढतात. तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी कव्हरवर चिकटवतात, म्हणजे पुढची मुदत लक्षात राहते.

प्रत्येक इंजिन मात्र घरी उघडण्यासारखे नसते. काहींत क्रँकची पुली शाफ्टवर चावीशिवाय, केवळ बोल्टच्या आवळीने धरलेली असते. तिथे खुणांवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही शाफ्ट अडकवणारी खास हत्यारे लागतात. ती हत्यारे किंवा त्या इंजिनाची वर्कशॉप पुस्तिका हाताशी नसेल, तर ते काम जाणत्या मेकॅनिककडे सोपवणेच योग्य.