वऱ्हाडीचं पुस्तक बांधताना

मराठी विषय घेऊन पदवी करणाऱ्या मुलामुलींना आता प्रकल्प करावा लागतो. आपल्या अमरावती-अकोल्याकडे हा प्रकल्प बहुतेक वेळा आजीपाशी जाऊन पोचतो. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, म्हणी, उखाणे. मुलं मोबाइलवर आवाज टिपतात, ऐकून ऐकून उतरवून काढतात, झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बाइंडिंग करून आणतात. गुण मिळतात आणि वही विभागाच्या कपाटात जाते. ज्या आजीनं सांगितलं, तिच्या घरी ती कधीच पोचत नाही. ही वही ई-पुस्तक व्हावी, घराघरातल्या मोबाइलवर उघडावी, असं मला फार वाटतं. साधनं फुकट आहेत. गूगल डॉक्समध्ये लिहिलेला मजकूर ‘ईपब’ स्वरूपात उतरवून घेता येतो. बारीक काम करायचं असेल तर संगणकावर सिजिल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे.

सुरुवातीलाच टाइपाकडे लक्ष द्यावं लागतं. डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर दिसतं खरं, पण आत साठवलेलं असतं रोमन अक्षरांच्या जागी. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याच फाइलीचा नुसता गिचमिडा होतो. कित्येक महाविद्यालयीन वार्षिकांकांच्या फायली अशाच मुक्या पडल्या आहेत. म्हणून मजकूर पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्येच हवा.

आता आपल्या प्रांताचंच नाव टाइप करून बघा. साधा ‘र’, हलन्त आणि ‘ह’ दाबला की रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर बसतो, आणि वऱ्हाडचं ‘वर्हाड’ होतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ची जी कळ आहे, तीच शिफ्टसह दाबली की नुक्त्याचा ‘ऱ’ उमटतो. त्याला हलन्त जोडून ‘ह’ लिहायचा. हेच रूप साध्या ‘र्’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही मिळतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. अर्ध्या पुस्तकात एक पद्धत आणि अर्ध्यात दुसरी वापरली, तर शोध घेताना निम्मी पानं हाती लागत नाहीत. काम सुरू करण्याआधी गटानं एक पद्धत ठरवावी आणि तीच पाळावी.

याहून मोठा प्रश्न बोलीचा. समजा, दर्यापूरकडची एखादी आजी म्हणाली, “मले काय इचारतं वं पोरी, दयता दयता जे सुचलं ते म्हनलं.” मुलगी ते मोबाइलवर लिहायला बसते. कळफलक ‘मले’च्या जागी ‘मला’ सुचवतो, शब्दतपासनीस ‘दयता’खाली लाल रेघ मारतो. घाईत सूचनेवर बोट पडतं आणि आजीचं वाक्य पुण्याचं होऊन जातं. त्यासाठी आपोआप दुरुस्ती बंद करायला पहिल्याच दिवशी शिकवावं. मग प्रश्न उरतो ‘काहून’ लिहायचं की ‘काऊन’. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ कादंबरीत १९६० सालीच वऱ्हाडी संवाद छापून आले. ती उघडून पाहावी, चर्चा करावी, स्वतःचा नियम ठरवावा आणि प्रस्तावनेत तो स्पष्ट लिहावा. एका आजीनं एक रूप म्हटलं आणि दुसरीनं दुसरं, तर दोन्ही ठेवावीत.

हे काम आपल्या भूमीला नवं नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, ते ठिकठिकाणी जाऊन, चक्रधर स्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन. पुढे मूळ प्रत धामधुमीत हरवली, तेव्हा ज्यांना ते पाठ होतं त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसेच्या स्मरणातला पाठ तिच्या नावानं राहिला. महानुभावांच्या पोथ्यांत पाठभेद जपलेले आहेत. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेलं लीळाचरित्र विद्यार्थ्यांनी हातात घेऊन चाळावं. आपल्या ई-पुस्तकात तळटीप कशासाठी घालायची, हे त्यांना तिथे कळेल.

तांत्रिक बाजू यानंतर सोपी वाटते. ओवीसंग्रहाच्या विभागाचं नाव नुसतं ठळक आणि मोठं करून भागत नाही. त्याला ‘हेडिंग’ ही शैली लावावी लागते, तरच अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पुस्तकाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायची, नाहीतर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी यांसारखे मोफत फॉन्ट पुस्तकातच जोडता येतात.

नावांच्या रकान्यात मात्र सावकाश काम करावं. लेखक म्हणून विद्यार्थ्याचं नाव येतं, सांगणारीचं कुठे? सहभागाचा वेगळा रकाना असतो, तिथे तिचं नाव आणि गाव घालायचं, पण तिला विचारून. छापू नको म्हणाली तर छापायचं नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायांची नावं-गावं त्यांनी नोंदवली म्हणून आज ‘पारी’ या संकेतस्थळावरच्या संग्रहात त्या बायका स्वतःच्या नावानं भेटतात.

विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात स्पायरल वहीबरोबर ईपबची फाइल आणि मूळ ध्वनिमुद्रणही मागून घ्या. त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक गावच्या शाळेत आणि एक आजीच्या घरातल्या मोबाइलवर ठेवायला सांगा. तिथे ती उघडते की नाही, हे विद्यार्थ्यानं स्वतः जाऊन पाहून यावं आणि मगच गुण द्यावेत.