छाती पुन्हा पुन्हा का भरते?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मी मावळातला, भाताच्या खाचरातला माणूस. तुम्ही कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातले. तुमच्याकडे पाऊस नाही, आमच्याकडे चार महिने ऊन नाही. छातीचं दुखणं मात्र दोन्हीकडे सारखंच आहे.

माझ्या आईला दर हिवाळ्यात खोकला, ताप, धाप. दर खेपेला एक इंजेक्शन, चार गोळ्या आणि 'छातीत कफ झालाय' एवढं उत्तर. तीन वर्षं आम्ही पैसे मोजले, कारण विचारलं नाही. बैल लंगडला तर आपण खूर उचलून बघतो. आईच्या बाबतीत तेवढंही केलं नाही.

शेवटी बेडका तपासला, एक्स-रे काढला, यंत्रात फुंकायला लावून श्वास मोजला. क्षय नव्हता. जन्मभराच्या चुलीच्या धुरानं श्वासनळ्या अरुंद झाल्या होत्या, म्हणून साधी सर्दीही छातीत उतरायची. आईनं कधी विडीला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला, आम्ही चूल बंद केली. दुखणं मुळातून गेलं नाही, पण दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या.

आमच्या लोणावळा-खंडाळ्याला पूर्वी मुंबईचे पैसेवाले हवापालटाला येत. क्षयावर औषधच नव्हतं, तेव्हा चांगली हवा हाच उपचार. गरिबानं घरी खोकत मरायचं. १९५९ साली मद्रासच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की औषध नेमानं घेतलं तर घरी राहूनही सॅनिटोरियमइतकाच गुण येतो. लोणावळ्यातच १९२४ पासून कैवल्यधाम आहे. प्राणायामानं दमेकऱ्याला आराम पडू शकतो, पण क्षयाचे जंतू औषधानंच मरतात.

म्हणून दोन आठवडे खोकला राहिला, बेडक्यात रक्त दिसलं, वजन उतरलं, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. तपासणी फुकट, औषध फुकट. नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. औषध साधारण सहा महिने असतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं, तर पुढं तेच औषध लागू न पडण्याचा धोका असतो. क्षय निघाला नाही तरी थांबू नका. श्वास मोजायला सांगा, साखर तपासा. चुलीचा धूर, मळणीची धूळ, जिनिंगमधली कापसाची धूळ, सगळं डॉक्टरांना सांगा.

आता मुद्द्याचं. घरात सिलिंडर आहे, पण भरायला पैसा नाही, म्हणून चुलीत पऱ्हाटी जळते. कापसाला भाव मिळाला नाही, त्याची उरलेली किंमत आपली बाई फुप्फुसातून चुकवते. हा हिशेब कोणत्याही उत्पादन खर्चात धरलेला नाही.

बाजारात माल घालताना आपण काटा तपासतो. दवाखान्यात पैसे मोजताना तसंच विचारा: डॉक्टर, हे पुन्हा पुन्हा का होतंय? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.