भीमथडीचे तट्टू
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा बोलण्यात काही उणे झाले तर सांभाळून घ्यावे. आपल्याकडे केवळ पैशासाठी राबणाऱ्या माणसाला 'भाड्याचे तट्टू' म्हणतात. मीही कितीदा म्हटले आहे. त्या बिचाऱ्या तट्टासाठीच आज उभी आहे.

भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेला हा बुटका घोडा. पूर्वी आपल्या जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. अंगाने लहान, पण काटक. मिळेल त्या चाऱ्यावर राहणारा आणि खडकाळ चढण न दमता चढणारा. मराठ्यांच्या घोडदळात अशाच तट्टांवर बसून आपले लोक दूरदूर गेले. तोरणा-राजगडाच्या पायथ्याला राहणाऱ्यांना ते निराळे सांगायला नको. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि तट्टांची किंमतही गेली. ती राखली ती धनगरांनी, पोरे-भांडी वाहण्यासाठी.

माझे माहेर हिरडस मावळात, वरंध घाटाच्या वाटेवर. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे कोकणात उतरायचे. आमच्या शेतात मेंढरे बसवायची, खत व्हायचे, बदल्यात वडील धान्य द्यायचे. घोडीच्या पाठीवर वाकळा, भांडी, त्यावर खुराड्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर एखादे बाळ! ते बाळ कधी पडलेले मी पाहिले नाही. एकदा धनगरीणमावशीने मलाही वर बसवले. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गेले आणि घरी येऊन मार खाल्ला.

इराणातही अशीच गोष्ट घडली. कास्पियन समुद्राकाठचा प्राचीन बुटका घोडा संपला असे सारे धरून बसले होते. १९६५ साली लुईझ फिरूझ नावाच्या बाईने तो शोधून काढला. तिला मुलांना बसायला लहान घोडे हवे होते, एवढेच. आमोल गावाच्या बाजारात तो गाडी ओढताना सापडला. बायकांची नजर अशी कामाच्या जागी जाते हो!

आपल्या तट्टाचीही भीमथडी या नावाने देशातली आठवी घोड्याची जात म्हणून २०२४ साली सरकारदरबारी नोंद झाली. पेपरात वाचून मला फार आनंद झाला. मग गेल्या दिवाळीला माहेरी गेले, तो वाडा आला टेंपोतून! मावशी आता थकल्या आहेत. मी घोडीचे विचारले, तर म्हणाल्या, "बाय, गाभण होती. रातच्याला रस्त्यावर गाडीनं उडवली. गाडीवाला थांबलाबी न्हाई. एक शिंगरू राहिलंय, त्येबी इकावं म्हनतोय ल्योक. चारायचं कुठं? जिकडं तिकडं तारा."

मला उत्तर सुचले नाही. घरात येऊन भावाला म्हटले, ओढ्याकडचा तुकडा पडीकच आहे. शिंगरू तिथे चरू दे, कुंपण घालू नकोस. तो म्हणाला, वहिनीला विचारतो. वहिनी चुलीपुढूनच म्हणाली, "विचारायचं काय त्यात? सोडा की."

शिंगरू अजून विकलेले नाही, असा परवाच फोन आला.