कितवा आलास?

सुट्टी लागली की तलावाच्या गॅलरीत पालकांची ही गर्दी उसळते. पोरगं पाण्यातून वर येतं, ओठ निळे पडलेले, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ, त्याला धाप लागलेली असतानाच वरून विचारणा होते, "कितवा आलास?" आज मला या एका प्रश्नाबद्दलच बोलायचंय.

माझं लहानपण तलावावर गेलं. आमच्या सरांचा दंडक असा की वहीत फक्त स्वतःची वेळ लिहायची, नंबर लिहायचा नाही. पहिला नंबर आला तरी नाही! तेव्हा भारी राग यायचा. पण पाण्यात तुम्ही शेजारच्या लेनमधला कुठवर पोहोचला हे बघायला डोकं वर काढलंत, की पाय खाली बसतात आणि वेग गेलाच. सरांची वही तेच सांगत होती.

दहा-अकराव्या वर्षी जी मुलं झटकन उंच होतात, ती बहुतेकदा जिंकतात. वरच्या वयोगटात गेलं की तोच विजेता सगळ्यांत धाकटा. वेळ सुधारते, नंबर घसरतो, आणि घरी ऐकायला मिळतं, "गेल्या वर्षी पहिला होतास ना रे?" कितीतरी मुलं इथंच पोहणं सोडतात.

कैरीचं लोणचं घातलं की आपण बरणीला दादरा बांधून ठेवतो. रोज उघडून बोट घातलं तर बुरशी धरणारच. सरावाचंही तसंच. महिनोन्‌महिने वेळ जराही हलत नाही, पण आत खार सुटत असतो. स्पर्धा जवळ आली की प्रशिक्षक मुद्दाम अंतर कमी करतात, त्याला टेपर म्हणतात, नेमकं तेव्हाच पालक बरणी उघडतात, "आज एवढंच पोहलास?" अहो, मुरू द्या की जरा!

मुरू दिलं की काय होतं ते बघा: कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. प्राथमिक फेरीतूनच परतला. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं कांस्यपदक आणलं. १९८६ च्या खजानसिंगनंतर आशियाई स्पर्धेतलं पोहण्यातलं भारताचं ते पहिलंच पदक. आणि त्याच बीजिंगमध्ये १०० मीटर बटरफ्लायला मायकेल फेल्प्स निम्म्या अंतरावर सातवा होता. शेवटी सेकंदाच्या शंभराव्या भागानं जिंकला. भिंतीपाशी वळताना त्याला कुणी "कितवा?" विचारलं असतं तर? तुमचं दहा वर्षांचं पोर तर अजून वळणापर्यंतही आलेलं नाही. म्हणून सांगते, नंबर नको, वेळ विचारा. त्याची स्वतःची, मागच्या खेपेपेक्षा किती कमी झाली ती.

 

उन्हाळी स्पर्धा आल्या की गॅलरीत जरूर बसा, घसा बसेपर्यंत ओरडा, पण आईबाबांनो, नंबर तेवढा विचारू नका.