गॅलरीचा ढाळ, आज्जीचा रेकॉर्ड प्लेअर आणि माझी चूक

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज फक्त एक स्टँड, त्याचे चार पाय आणि तिरकी फरशी. विषय किरकोळ वाटतोय ना? मलाही वाटला होता. म्हणूनच हा एपिसोड करतोय.

आमच्या पुण्याच्या घरात हॉलला लागून गॅलरी होती. बाबांनी ती बंद करून घेतली, स्लायडिंगच्या खिडक्या लावल्या आणि आज्जीची खोली तयार झाली. आता गॅलरी म्हटली की ढाळ आलाच. पावसाचं पाणी हॉलमध्ये न शिरता बाहेरच्या पाइपकडे जावं, म्हणून गवंडी फरशीला मुद्दाम उतार देतो. गॅलरीची खोली झाली, पण फरशी तीच राहिली आणि ढाळही तसाच राहिला.

त्या खोलीत हॉलच्या भिंतीला लागून आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर आहे. लाकडी स्टँड, उंची ७० सेंटीमीटर. वर प्लेअर, मधे अँप्लिफायर, खाली तबकड्या. आज्जी रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की एक बाजू ऐकते. तिची तक्रार एकच होती. "कुणी शेजारनं गेलं की सुई उडी मारते रे."

मी बघितलं. स्टँड पुढे झुकलेला होता आणि वर डुगडुगत होता. मी काय केलं? पुठ्ठ्याच्या घड्या केल्या, पुढच्या दोन पायांखाली सरकवल्या, फोनमधलं लेव्हलचं ॲप वर ठेवलं. शून्य अंश! मी खूश, आज्जी खूश.

तिसऱ्या आठवड्यात ताई आली होती. माझी भाची चिऊ, वय वर्षं तीन. फिरणारी तबकडी बघायला तिने स्टँडची कड धरली आणि चवड्यांवर उभी राहिली. तेवढ्या ओढीने स्टँड जरासा हलला, पुठ्ठा सटकला, पाय खाली बसला आणि अख्खा स्टँड पुढे आला. आई शेजारीच होती. तिने एका हाताने चिऊला मागे खेचलं आणि दुसऱ्या हाताने स्टँड अडवला. चिऊला खरचटलंसुद्धा नाही. पण खालच्या फळीवरच्या तबकड्या बाहेर घसरल्या आणि आजोबांनी लग्नानंतर घेतलेली ७८ आरपीएमची एक तबकडी फुटली. त्या तबकड्या लाखेच्या असतात. एलपी पडली तर बहुतेक वेळा वाचते, लाखेची काचेसारखी फुटते.

आज्जी एवढंच म्हणाली, "तबकडीचं सोड. पोर वाचली ना." त्या संध्याकाळी तिने काहीच लावलं नाही.

रात्री मी कागद घेऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं, मी दोन वेगळे प्रॉब्लेम एकच समजलो होतो. स्टँड समतल आहे का, हा एक प्रश्न. स्टँड स्थिर आहे का, हा दुसरा. ॲपने फक्त पहिल्याचं उत्तर दिलं होतं.

आधी सुईचं बघू. सुईचा तबकडीवरचा भार समजा २ ग्रॅम आहे. प्लेअर एक अंश तिरका असेल तर सुईला बाजूला ओढणारा जोर येतो २ गुणिले साइन एक अंश, म्हणजे जेमतेम ०.०३५ ग्रॅम. एवढ्याने सुई उडी मारत नाही. समतल ठेवायचं हे बरोबरच, पण आज्जीची सुई उडत होती ती डुगडुगण्यामुळे. चार पायांपैकी एक अधांतरी, माणूस चालला की स्टँड कर्णावर डोलायचा. तीन टेकू कधीच डुगडुगत नाहीत, कारण तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. चौथा पाय आला की तो त्याच प्रतलात आणावा लागतो.

मग तीनच पाय का नकोत? कारण तिपाई डुगडुगत नसली तरी उलटते लवकर. एकाच वर्तुळात बसणारा चौकोन आणि त्रिकोण घ्या. मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर चौकोनात त्रिज्येच्या ०.७ पट असतं, समभुज त्रिकोणात फक्त अर्धं. घरात लहान मूल असेल तर चार पाय बरे.

आता पडण्याचा हिशोब. सामानासकट स्टँड १८ किलो, पायांतलं अंतर ४० सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून पुढच्या पायापर्यंत २०. ७० सेंटीमीटर उंचीवर आडवं ओढलं तर उलटायला लागणारा जोर १८ गुणिले २० भागिले ७०, साधारण ५ किलो. पाच किलो! तीन वर्षांचं मूल लोंबकळलं तर त्याहून जास्त जोर लावतं. म्हणजे पुठ्ठा सटकला नसता तरी धोका होताच. हा आकडा बघून मला झोप लागली नाही.

मग केलं काय, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, माप. फोनच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे फोन सपाट बसत नाही, आणि सेन्सरमध्येही थोडी चूक असू शकते. म्हणून एकदा मोजायचं, मग फोन त्याच जागी १८० अंश फिरवून परत मोजायचं. मला पहिल्यांदा १.४ आलं, फिरवल्यावर उलट्या दिशेला ०.६. दोन्हींची बेरीज २, तिचं निम्मं १ अंश. हा फरशीचा खरा उतार. उरलेला ०.४ अंश फोनचा स्वतःचा. माझं आधीचं 'शून्य'सुद्धा खोटंच होतं! हार्डवेअरच्या दुकानातली साधी पाणसळ आणली तरी हीच फिरवाफिरवी करून तपासा.

दुसरं, पाय. सुताराकडून चारही पायांत टी-नट बसवून घेतले आणि एम-८ आट्यांचे लेव्हलिंग पाय लावले. तळाची रबरी चकती सर्व बाजूंना कलणारी घेतली. ती नसेल तर उतारावर पाय फक्त एका कडेवर टेकतो. ४० सेंटीमीटरला एक अंश म्हणजे ७ मिलिमीटरचा फरक. एम-८ चा नेहमीचा आटा एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे पुढचे पाय साडेपाच फेऱ्यांपेक्षा थोडे जास्त. भिंतीकडचे, चढावरचे पाय मात्र पूर्ण आत ठेवायचे. स्टँड विनाकारण उंच करायचा नाही.

तिसरं, चौथा पाय. आधी तीन पायांवर लेव्हल आणायची आणि चौथा हाताने फिरवत फरशीला टेकवायचा. प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी घालून बघा. चारही ठिकाणी ती सारखी घट्ट अडकली पाहिजे. मग लॉकनट आवळायचा. हे सगळं सामान वर ठेवूनच करायचं, कारण वजन पडलं की रबर दबतं. आठवड्याने पुन्हा एकदा तपासायचं.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीत गिट्टी ठोकून दोन लोखंडी एल-अँगल स्टँडच्या मागच्या वरच्या पट्टीला स्क्रूने पक्के केले. आता चिऊ लोंबकळली तरी स्टँड पुढे येत नाही. वायरी भिंतीलगत क्लिपमध्ये घेतल्या, म्हणजे त्या ओढूनही प्लेअर खाली येणार नाही. जड तबकड्या सगळ्यात खाली, आणि समोर दोन इंचांची आडवी पट्टी.

एकूण काम एका रविवारचं. लेव्हलचं काम तासाभरात संपलं, बाकीचा वेळ भिंतीत भोकं पाडण्यात गेला. आणि आधी मी नेमकं तेच टाळलं होतं.

आता आज्जी काठी टेकत शेजारनं गेली तरी सुई जागची हलत नाही. फुटलेल्या तबकडीचे तुकडे तिने त्याच कागदी पाकिटात घालून खालच्या फळीवर, इतर तबकड्यांच्या मधेच ठेवलेत. मी काढू का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे, तिची जागा आहे ती."

आज घरी गेल्यावर एक काम करा. टीव्ही असो, स्पीकर असो, पुस्तकांचं कपाट असो, त्याच्या वरच्या कडेला हात लावून जरा ओढून बघा. पायाखाली पुठ्ठा दिसला तर आजच काढा. आणि तुमच्या घरात काय डुगडुगतंय, ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा!